निसरड्या वाटेवरील यतना

आमच्या नंदनवनात हिवाळा पहाटेच्या धुक्याने जाणवतो. रस्त्यावर बर्फ साचत नाही. परंतु नागपूरहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ उत्तरेस थेट श्रीनगरला पोहोचतो, आणि सुटीत आपली काही कुटुंबे स्वतःच्या मोटारीने तिकडे निघतात. तेथे डांबरावरील बर्फाचा पारदर्शक थर नुसता ओलसर रस्ता भासतो. पूल आणि सावलीतील वळणे आधी गोठतात. मोटार थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकते. म्हणून एकाएकी ब्रेक दाबू नये. खालच्या गिअरमध्ये, पुढील वाहनापासून दूर राहून संथपणे जावे. ईर्यासमिती श्रमणांना चार हात भूमी निरखून पाऊल टाकण्यास सांगते, ती जीवरक्षणासाठी. श्रावकाच्या हाती स्टेअरिंग असताना ती यतना अधिकच हवी. मुक्कामी तासभर उशिरा पोहोचल्याने काही बिघडत नाही.