झोळी

माझी आई झोळी बांधायची तेव्हा आधी स्वतः तिला लोंबकळून बघायची. जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं नऊवारी लुगडं दुहेरी करून लिंबाच्या आडव्या फांदीवरून टाकायचं, गाठ आवळायची आणि दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार द्यायचा. फांदी कुरकुरली नाही, गाठ सरकली नाही, की मगच मूल आत. माण तालुक्यातल्या आमच्या गावात शेतावर, खळ्यावर, विहिरीच्या कामावर, जिथं बाया गेल्या तिथं झोळी गेली. पाळणा बारशापुरता, तोही शेजारून मागून आणलेला. पोरं वाढली ती झोळीत.

१९७२च्या दुष्काळात मी पाच-सहा वर्षांची होते. आई-वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि माझा धाकटा भाऊ झोळीत असायचा. कामाच्या कडेला सावलीचं असं एकच झाड होतं, त्याला ओळीनं झोळ्या टांगलेल्या. खाली एक म्हातारी बसलेली असे. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. तिच्या हातांना हातोडा पेलत नव्हता, म्हणून सगळ्या बायांनी मिळून तिला तिथं बसवलं होतं आणि मुकादमाशी भांडून तिची हजेरीही लावून घेतली होती. एका हातानं ती एक झोळी हलवायची, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून दुसरी. पुढं १९७७ साली महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली तसा कायदा साऱ्या देशासाठी झाला. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांसारखीच मजुरी द्यायची, असं त्या देशाच्या कायद्यात लिहिलेलं होतं. नोकरीत असताना ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आत्याबाईच दिसली. तिचं काम आता कायद्यात होतं.

तिथंच माझ्या भावाचं उष्टावण झालं. आमच्याकडं पहिला घास मामानं द्यायचा. मामा शेजारच्या गावचा, पण दुष्काळानं त्यालाही त्याच कामावर आणलेलं. खिरीला ना दूध ना तांदूळ. त्या दिवसांत सुकडी वाटत असत, गोडसर, कोरडी, मूठभर. खडी वाहायची लोखंडी पाटी उलटी घालून मामा तिच्यावर बसला, भावाला मांडीवर घेतलं, आणि आईनं पाण्यात कालवलेली सुकडी त्यानं बोटानं त्याच्या जिभेवर ठेवली. बाया हातोडे टाकून गोळा झाल्या होत्या. कोणीतरी पदराच्या टोकाला बांधलेलं हळदकुंकू काढलं. आईनं ही गोष्ट आयुष्यभर सांगितली आणि ती सांगताना दुष्काळाचं दुःख तिच्या आवाजात कधी आलं नाही. सुकडी सरकारनं दिलेली होती, पण घास मामाच्या हातचा होता. त्यामुळं भीक खाल्ल्याची खंत तिला शिवली नाही. मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ मला तिथं सापडतं.

गावात अंगणवाडी आली तेव्हा झोळीही तिच्याबरोबर आली, पण वेगळी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी हे सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक. आमच्याकडं ती पोचायला बरीच वर्षं लागली. शाळेच्या पडवीत आड्याला घड्याळासारखी तबकडी असलेला काटा टांगला होता आणि त्याच्या आकड्याला जाड कापडाची झोळी. मूल तिच्यात बसवायचं, काटा हलायचा थांबला की आकडा वाचायचा आणि तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपके जोडत गेलं की रेघ होते. ती वर चढत असली तर ठीक. आडवी झाली तर मूल अजून आजारी दिसत नसतानाही काहीतरी बिघडलंय हे सेविकेला कळतं.

बाया मात्र त्या झोळीकडं फिरकत नव्हत्या. लेकराला तोललं की दृष्ट लागते असं सगळ्यांना वाटायचं. आमच्या चुलतीनं तर अंगणवाडीच्या ताईंना तोंडावर सुनावलं होतं, "आमचं पोर काय बाजारची भाजी हाय व्हय, तोलाया?" शिवाय भीतीची आणखी एक गोष्ट होती, ती कोणी बोलत नसे. त्या काळी मुलांच्या कुपोषणाच्या श्रेणी असत आणि आपलं मूल तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत निघालं तर चारचौघींत आईची शोभा व्हायची. ताई गावातल्याच, लग्न होऊन आलेल्या. त्यांनी समजावत बसण्यापेक्षा संक्रांतीचं हळदीकुंकू अंगणवाडीत ठेवलं आणि पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांचं एकत्र बोरन्हाण करायचं ठरवलं. आमच्या गावात बोरन्हाण दोन-चार घरांतच व्हायचं, बाकीच्यांनी ते नुसतं ऐकलेलं. त्या दिवशी पडवीत सगळं गाव लोटलं. मुलांना सतरंजीवर बसवलं, बोरं, चुरमुरे, शेंगा, हरभऱ्याचे घाटे, उसाच्या गंडेऱ्या डोक्यावरून ओतल्या, मोठी पोरं वेचायला तुटून पडली. आणि न्हाण झालेलं प्रत्येक मूल औक्षण करून आधी झोळीत बसायचं, मग आईकडं जायचं. औक्षण झालेल्या लेकराला कुणाची दृष्ट लागणार? चुलतीनं स्वतः उचलून आपला नातू झोळीत ठेवला.

ताईंनी हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलं नव्हतं. पण या मातीत त्याआधीही कोणी तसंच केलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, आणि वारल्यांच्या पाड्यातली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर अनुताईंनी आयुष्य काढलं. मला त्या दोघींबद्दल फार आदर वाटतो, कारण मूल येत नाही याचा दोष त्यांनी आईबापांवर ढकलला नाही.

माझी मुलगी पुण्यात वाढली आणि तिला झोळी मिळाली नाही. मी बँकेत नोकरीला, ती सकाळपासून पाळणाघरात. पाळणाघरवाल्या काकू प्रेमळ होत्या, पण मला आठवतो तो पोलिओच्या डोसाचा दिवस. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा ती दोन-अडीच वर्षांची होती. आमच्या चौकात जिथं गणपतीचा मांडव पडायचा तिथंच बूथ लागला, मंडळाची तीच पोरं घरोघर बोलवायला फिरली, स्पीकर तोच. डोस घेतला की करंगळीच्या नखाला शाई आणि हातात फुगा. पोरं दिवसभर एकमेकांना करंगळ्या दाखवत हिंडायची. ज्या घरात कोणी बाळाला दवाखान्यात नेलं नसतं, त्या घरची आजी नातवाला नवा झगा घालून मांडवात घेऊन आली होती. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. लस, बर्फाची पेटी, आकडेवारी हे सगळं त्यामागं होतंच. तो मांडव आणि ती आजीही होती.

आता मुलगी लंडनला असते. नातू झाला तेव्हा मी तिकडं होते. बाळ दहा-बारा दिवसांचं असताना सरकारी आरोग्यसेविका आपणहून घरी आली, आईची विचारपूस केली, बाळाला लहान काट्यावर ठेवलं आणि एका लाल वहीत ठिपका दिला. मी चष्मा लावून ती वही पुन्हा पुन्हा पाहिली. आमच्या ताईंच्या तक्त्यावर आता ज्या रेघा असतात त्याच तिथं होत्या. त्या रेघा जागतिक आरोग्य संघटनेनं सहा शहरांतल्या मुलांना वर्षानुवर्षं मोजून २००६ साली काढल्या आहेत, आणि दिल्ली त्यांतलं एक. बाकीची ब्राझीलमधलं पेलोटास, घानातलं आक्रा, ओमानमधलं मस्कत, नॉर्वेतलं ओस्लो आणि अमेरिकेतलं डेव्हिस. पोटभर मिळालं, आईचं दूध मिळालं, आजारपणात वेळेवर औषध मिळालं, तर या सगळ्या ठिकाणची मुलं पहिली पाच वर्षं जवळपास सारखीच वाढतात असं त्यात दिसलं. म्हणजे आमच्या माणमधलं मूल किरकोळ राहतं ते रक्तामुळं नाही.

नातू दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. मुलीकडं माहितीपत्रकं होती, फोन नंबर होते, कुठल्या केंद्रात कधी जायचं ते छापलेलं होतं. ती जात नव्हती. जानेवारीत ओळखीच्या मराठी घरांनी एक हॉल घेऊन बोरन्हाण केलं. बोरं मिळाली नाहीत, द्राक्षं आणि मुरमुरे होते, हलव्याचे दागिने मी इथून नेले होते. तिथं एका आईनं नातवाला बघून मुलीला विचारलं, "बोलत नाही का गं अजून? माझाही असाच होता. मंगळवारी मी येते तुझ्याबरोबर." मंगळवारी त्या दोघी गेल्या.

मी निवृत्तीनंतर साताऱ्यात राहते. उसाचा हंगाम सुरू झाला की कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या आजूबाजूला बीडकडच्या टोळ्या उतरतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, उसाच्या पाचटाच्या कोप्या, आणि पहाटे तीन-चारला उठून फडात जाणाऱ्या बाया. मूल लहान असेल तर ते बरोबरच जातं. मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा बैलगाडीच्या खाली, साटीला बांधलेली झोळी दिसली. आत सात-आठ महिन्यांची मुलगी झोपली होती. गाठ मी हात लावून पाहिली. आईची असायची तशीच होती.

हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे संक्रांत बरोबर मधे येते. आपल्या घरी मुलांच्या डोक्यावरून ज्या गंडेऱ्या ओतल्या जातात तो ऊस तोडणाऱ्या बाईचं मूल संक्रांतीला फडात वाढ्यांच्या ढिगावर असतं. त्याचं नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर आणि ते स्वतः दोनशे-तीनशे किलोमीटर दूर. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून ठरलेला पूरक आहार मिळायला हवा, वर्षातले ३०० दिवस, असा नियम आहे. जे मूल वर्षातले पाच-सहा महिने पटाच्या गावीच नसतं त्याच्या वाट्याला यातलं किती येणार? अलीकडं राज्यानं स्थलांतर करणाऱ्या मुलांची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्यात पोचवायची व्यवस्था सुरू केली आहे आणि ती फार गरजेची होती. पण नोंद पोचली तरी पहाटे तीनला फडात गेलेल्या बाईपर्यंत सेविका पोचायची कशी, हा प्रश्न उरतोच. जवळच्या गावातल्या सेविकेला आपल्या गावचं काम, मोबाइलवरच्या नोंदी आणि वेळेवर न येणारं मानधन यातूनच सवड नसते. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आम्ही काही मैत्रिणी संक्रांत ते रथसप्तमीच्या मधे एका संध्याकाळी त्या कोप्यांवर जातो. मुकादमाला आधी सांगावं लागतं, म्हणजे गाड्या वेळेवर परततात. जवळच्या अंगणवाडीच्या ताई काटा आणि दंडघेर मोजायची पट्टी घेऊन येतात, उपकेंद्रातल्या सिस्टर लस घेऊन येतात. बोरन्हाण सगळ्या कोप्यांचं एकत्र होतं. पहिल्या वर्षी एक बाई म्हणाली, "आमच्यात कुठलं हे, ताई? पोरगं जगलं तरी बास." तिच्या पोराला हलव्याचा मुकुट घातला तेव्हा ती बघतच राहिली, मग उठून कोपीत गेली आणि त्याचा ठेवणीतला सदरा घेऊन आली. त्या पोराच्या दंडाला पट्टी लावली तर ती साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल भागात. म्हणजे मूल तीव्र कुपोषित, त्याला उपचार हवा. ताईंनी तिला बाजूला नेलं नाही, आवाज चढवला नाही. तिळगूळ देता देता म्हणाल्या, "उद्या गाडी येईल, तू आणि हा दोघं बसा. मी आहे." ती बसली. एरवी मजुरी बुडते म्हणून ती दवाखान्याच्या वाटेला गेली नसती, हे तिनंच मला नंतर सांगितलं.

२०१८ साली पोषण अभियान सुरू झाल्यापासून प्रत्येक अंगणवाडीत ठरावीक दिवशी ओटीभरण आणि उष्टावणाचे कार्यक्रम व्हायचे असतात. काही ठिकाणी ते फोटोपुरते होतात हे मी पाहिलं आहे. पण कार्यक्रम चांगला झाला तर काय होतं तेही पाहिलं आहे. सासूसमोर सुनेची ओटी भरली आणि त्याच वेळी लोहाच्या गोळ्या तिच्या पदरात घातल्या की घरी गेल्यावर त्या कोनाड्यात पडून राहत नाहीत, कारण त्या सासूच्या देखत दिल्या गेल्या आहेत.

म्हणून माझं एक मागणं आहे. प्रत्येक कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मोळीपूजन होतं, त्याची पत्रिका छापतात, पाहुणे बोलावतात, पेढे वाटतात. त्याच पत्रिकेत संक्रांतीनंतरचा एक दिवस तोडणी कामगारांच्या मुलांच्या बोरन्हाणाचा छापावा. त्या दिवशी तोड बंद, मजुरी चालू. कारखान्याच्या आवारात मांडव, जवळच्या साऱ्या अंगणवाड्यांच्या सेविका, सिस्टर, डॉक्टर, आणि प्रत्येक मुलाचं वजन. ज्यांची रेघ आडवी झाली आहे त्यांच्या आयांना हंगाम संपेपर्यंत अर्धी पाळी आणि पूर्ण पैसे. पुढच्या हंगामाच्या पत्रिका ऑक्टोबरमध्ये छापल्या जातील. आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांची मी भेट मागितली आहे, आणि कोप्यांवर येणाऱ्या अंगणवाडीच्या ताई रजा टाकून माझ्याबरोबर येणार आहेत.