टोकाचा हिशेब

चिमटीत धरलेल्या कातडीचा सैलपणा माझ्या बोटांना पूर्वीसारखा कळेनासा झाल्यापासून, सात रस्त्याजवळच्या माझ्या शस्त्रक्रियागृहात फ्लॅपची, म्हणजे एका बाजूने जोडलेला ठेवून सरकविण्याच्या कातडीच्या पदराची, आखणी मी शिष्येच्या हाती सोपविली आहे. ती कोनमापक लावून रेघा ओढते याचा प्रारंभी आलेला क्रोध हा शुद्ध अहंकार होता, कारण ६० अंशांचा कोन नुसत्या नजरेने साधतो हे भूषण मी आयुष्यभर मिरविले.

झेडच्या आकाराची चीर देऊन दोन त्रिकोणी फ्लॅपांची अदलाबदल करणाऱ्या झेड-प्लास्टीत ६० अंशांच्या कोनाने मधली रेघ कागदावर ७५ टक्के लांबते, ४५ अंशांच्या कोनाने ५० टक्के; परंतु स्टोव्हच्या भडक्यानंतर हनुवटी छातीशी जखडलेल्या मानेवर ही रक्कम क्वचितच पुरती वसूल होते. सोलापुरी चादर धाग्याच्या दिशेने ओढली तर ताठ राहते, तिरपी ओढली तर लवते; कातडीचेही तसेच आहे. व्हिएन्नाच्या शरीररचनाशास्त्रज्ञ लांगरने १८६१ साली प्रेतांवर गोल टोच्याने पाडलेली छिद्रे लांबट झाली, ती याचमुळे.

मला छळते ते फ्लॅपचे टोक. ज्या बिंदूभोवती फ्लॅप फिरतो तेथून टोकापर्यंतचे अंतर अपुरे पडले, की ओढून बसविलेले टोक टेबलावरच पांढरे पडते आणि पुढे काळवंडते. पाया रुंद ठेवला म्हणजे टोक जगते, ही समजूत शल्यविशारद मिल्टनने १९७० साली डुकरांवरील प्रयोगांनी खोडून काढली. तरी लांबी-रुंदीचे प्रमाण घोकणारे अद्याप भेटतात, आणि मला ते असह्य होते.

टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्याजवळच्या, वीट घडविणाऱ्यांच्या जातीतील वैद्याने नवे नाक दिले, त्याचा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापला गेला. त्यात मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटावर घडवून, मग सपाट करून, कपाळावर ठेवून त्याभोवती रेघ ओढल्याचे वर्णन आहे. दोन डोळ्यांमध्ये राखलेल्या देठाचे, म्हणजे फ्लॅपला जोडून ठेवणाऱ्या कातडीच्या पट्टीचे, कौतुक सारे करतात. मला थोर वाटते ते मेण सपाट करणे, कारण नाकाच्या उंचवट्यावरून जाताना टोकाची जी लांबी खर्ची पडते तिची आगाऊ तरतूद त्या कृतीत होते. शिष्याही कापडाचा तुकडा जखमेवरून उलटा मोजीत देठाकडे नेते, आणि माझ्या नजरेला फाजील वाटावी इतकी लांबी ठेवते. ती बहुधा पुरेपूर लागते.

टोकाचा शेवटचा टाका मात्र मी अजून कोणास घालू देत नाही. तो किती सैल बांधावा हे कातडीच्या रंगावरून मला तिच्यापेक्षा अधिक कळते असे मी मानतो, आणि या अभिमानाचा त्याग करण्याची माझी तयारी नाही.