बालहट्ट आणि मोटारींतलें आसन

राजहट्टाचा काळ संस्थानांबरोबर सरला. बालहट्ट मात्र अद्यापि गादीवर आहे. हल्लीं त्याचें रणक्षेत्र म्हणजे मोटारीच्या मागल्या बाकावर पक्कें बसविलेलें लहान मुलाचें आसन, ज्याला घरोघर ‘कारसीट’ म्हणतात. आमचा दोन वर्षांचा नातू त्याजवळ नेतांच धनुष्यासारखा वांकतो, आणि असा टाहो फोडतो कीं, शेजारची मंडळी गॅलरींत येऊन पाहतात.

साताऱ्यास जावयाचें ठरलें, कीं घरांत दोन पक्ष पडतात. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, “द्या इकडे, माझ्या मांडीवर शहाण्यासारखा बसेल.” सूनबाई नम्रपणें म्हणतात, “आई, तेवढें एक सोडून कांहींही सांगा.”

येथें भावनेपेक्षां गणिताला विचारावें. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एकाएकीं आदळणें म्हणजे सुमारें १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा ना, खालीं पडणें होय. गाडी सेकंदाच्या दहाव्या भागांत थांबली, तर १२ किलोंच्या बालकाला धरून ठेवणाऱ्या हातांवर दीडशे किलोंहून अधिक भार येतो. आजीची माया कितीही थोर असली, तरी मनगटांत एवढें बळ कोठून यावें? स्वतःचा पट्टा दोघांभोवतीं घेतला, तर आजीच्याच देहाखालीं नातू चेंगरतो.

हें आसन म्हणजे पैसेवाल्यांचें खूळ नव्हे. अंतराळवीरांच्या आसनावरून कल्पना घेऊन स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनीं पाठमोऱ्या बालासनाचा पहिला नमुना सिद्ध केला, व १९६४ सालीं त्याची परीक्षा झाली. आपल्याकडेहि २०१९ च्या सुधारित मोटार कायद्यानें, १४ वर्षांखालील मूल पट्ट्यानें किंवा बालासनांत सुरक्षित न बसविल्यास १००० रुपये दंड सांगितला आहे.

आतां उपाय. प्रथम साम. आसन दोन दिवस माजघरांत ठेवावें. मुलानें त्यांत आपली बाहुली बसवावी, मग आपण बसावें. “आधीं उजवा हात कीं डावा?” असें विचारावें, निवड त्याची, बसणें मात्र ठरलेलें. रडण्याचें कारणहि शोधावें: उन्हांत बक्कल तापलें असेल, पट्टा पिळला असेल. थंडींत जाड स्वेटर काढून पट्टा आवळावा व वरून शाल पांघरावी. दीड-दोन तासांनीं गाडी थांबवून त्याचे पाय मोकळे करावे. चालत्या गाडींत खाऊचें दान करूं नये. तो घशांत अडकतो. दंड तर नकोच. सर्वांचे पट्टे लागल्याखेरीज गाडी हलत नाहीं, हा नियम आजोबांनाहि लागू असावा.

पण सर्वांत अवघड उपाय वडीलधाऱ्यांचा आहे. एकत्र कुटुंबांतलें मूल चतुर असतें. आई नाहीं म्हणाली तर आजी, आजी नाहीं म्हणाली तर काका, असा त्याचा क्रम ठरलेला. तें बहुधा आसनाला भिऊन रडत नसतें. इतक्या माणसांत कोणी तरी विरघळेल, ह्या आशेनें रडत असतें. म्हणून सर्वांच्या मुखीं एकच उत्तर हवें, आणि आजीनें मांडीऐवजीं शेजारची जागा घेऊन त्याचा हात हातीं धरावा. हा त्याग लहान नाहीं, हें आम्ही जाणतों.

जुन्या नीतिकारांनीं पहिलीं पांच वर्षें लालनाचीं ठरविलीं आहेत. मूल रडत असतांना शांतपणें पट्टा लावणें, हेंहि लालनच होय.