बरणीतली साखर

चि. सोनू,


परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "काकू, चिनी मातीच्या बरणीत शेंगदाणे कसे? साखर कुठं गेली?" तेवढ्यात नेटवर्क गेलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ती बरणी तुझ्या आजीची. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, पुढं आपल्या कोल्हापूरकडंही तसेच कारखाने झाले आणि आजोबा सभासद झाले. तुझ्या बाबांचं कॉलेज उसाच्या बिलावर झालंय. दिवाळीच्या तोंडावर सभासदांची सवलतीची साखर पोत्यानं यायची, आजी आधी ही बरणी भरायची. पाहुण्याला फिका चहा देणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. कपाला दोन चमचे ठरलेले. मीही तीस वर्षं तेच केलं, मनापासून केलं.

गेल्या वर्षी जानेवारीत काकांची एचबीए१सी तपासणी झाली. मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर तिच्यात कळते. आकडा आला ६.२. मधुमेह ६.५ पासून धरतात. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, दिवसाला चहा किती? पाच कप, दहा चमचे, साधारण ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते चमचे मीच घालत होते ना!

आधी मी चुकले. आपला गूळ कसा बाधेल, म्हणून चहात गूळ सुरू केला. पण गूळ म्हणजेही बहुतेक साखरच. थोडी खनिजं असतात, तेवढ्यानं रक्तातली साखर चढायची थांबत नाही. मग दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला. पहिले आठ दिवस काका अर्धा कप तसाच ठेवून उठायचे. दोन-अडीच महिन्यांनी मात्र लग्नघरचा चहा त्यांना पाकासारखा लागला. चहाबरोबरची बिस्किटं गेली, भाजलेले शेंगदाणे आले, ते या बरणीत. सकाळी मटकीची उसळ, रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकरी, जेवून मळ्यापर्यंत फेरी. ऑगस्टमध्ये आकडा ५.८ आला. अजून थोडं बाकी आहे.

तू चहा घेत नाहीस, पण तुझ्या फ्रीजमधले कोलाचे डबे मला दिसले. ३५५ मिलीलीटरच्या डब्यात ३९ ग्रॅम साखर असते, बाळा. काकांचा अख्खा दिवस! तिकडं तुझ्या अमेरिकेत पाकिटामागं वरून घातलेल्या साखरेची वेगळी ओळ छापतात. फळांचं दही, सॉस, सीरियल घेताना ती वाचत जा.

पुरणपोळी सोडलेली नाही. होळीला केली, प्रत्येकी एकच, वर भरपूर तूप. काकांनी ती चांगला अर्धा तास खाल्ली. डिसेंबरात येशील तेव्हा तुझ्यासाठी पुन्हा करीन. आणि साखर अगदीच हवी असली तर वरच्या फळीवर पाहुण्यांसाठी छोटा डबा ठेवलाय.

तुझी,
काकू