सातबारा नावाचा गृहस्थ

गावातल्या कुठल्याही पारावर विचारा, "ही जमीन कुणाची?" समोरचा एक नाव सांगेल आणि लगेच जोडेल, "पण सातबाऱ्यावर कुणाचं आहे ते बघा." या गृहस्थाची साक्ष काढल्याशिवाय गावात जमिनीचं बोलणं पुरं होत नाही. शहरातसुद्धा गाडी आडवी लावणाऱ्याला आपण "रस्त्याचा सातबारा तुझ्या नावावर आहे का?" असंच दरडावतो. इतका मान दुसऱ्या कुठल्या कागदाला नाही, आणि त्याची ऐटही तशीच आहे.

मुळात हे दोघं जण. महसुलाच्या दप्तरातला गाव नमुना सात सांगतो, जमिनीवर कुणाचा काय हक्क आहे. नमुना बारा सांगतो, तिच्यात काय पिकतं. एका कागदावर नांदता नांदता दोघांचं जोडनाव झालं. वरचा कचेरीत वावरणारा, खालचा चिखलात पाय असलेला. पूर्वी तलाठी पीकपाहणी करून खालच्याची हजेरी भरायचा. 2021 पासून ई-पीक पाहणी आली आणि आता शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो.

बोलणं मात्र अगदी जुन्या वळणाचं. ज्याच्या ताब्यात जमीन, त्याला हा 'भोगवटादार' म्हणतो. त्यातही वर्ग आहेत. वर्ग एक म्हणजे जमीन विकायला सहसा सरकारला विचारावं लागत नाही. वर्ग दोन म्हणजे विकण्यावर बंधन आहे, आधी परवानगी हवी. तिथे 'दोन' दिसला की विसाराचे पैसे खिशातच ठेवा आणि आधी तहसील कचेरीत चौकशी करा. 'पोटखराबा' ऐकून घाबरायचं कारण नाही. खडक, नाला, वाट असा पिकाखाली न येणारा तुकडा म्हणजे पोटखराबा. 'एकुमॅ' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव एकट्याने झळकत असलं, तरी धाकट्यांचा हिस्सा त्याच्या पाठीशी उभा असतो. 'अपाक' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पोर लहान म्हणून आईचं किंवा काकाचं नाव पालक म्हणून लावलं जातं. पुढे पोराला नातवंडं झाली तरी अर्ज केल्याशिवाय सातबारा त्याला मोठं मानत नाही.

मोजमापातही हट्टी. गाव एकर-गुंठ्यांत बोलतं, हा हेक्टर-आरमध्ये. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याने 0.40 लिहिलं की ते हेक्टरमध्ये, म्हणजे साधारण एक एकर. नवखा माणूस तो आकडा एकराचा समजून अर्ध्याहून कमी जमीन धरून बसतो.

याच्या पोटातलं सगळं 'इतर हक्क' या रकान्यात असतं. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, कोर्टातला दावा, हे सगळं तिथे. घेणारे लोक मालकाचं नाव वाचतात आणि खूश होऊन निघतात. खरी ओळख त्या बाजूच्या रकान्यात होते. "सातबारा कोरा करा" ही शेतकऱ्याची जुनी मागणी याच रकान्याबद्दलची आहे. कर्ज फिटलं, तरी बँकेचा दाखला देऊन बोजा कमी करून घेईपर्यंत तो तिथून हलत नाही.

स्मरणशक्ती दांडगी. जुनं नाव तो पुसत नाही, कंसात टाकतो किंवा त्यावर आडवी रेघ मारतो. प्रत्येक नावाशेजारी एक आकडा असतो, तो फेरफाराचा. फेरफार ही याची रोजनिशी, गाव नमुना सहा. खरेदी, वारसा, वाटणी काहीही झालं की नोंद तिथे आधी पडते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. जमीन घ्यायची असेल तर त्या आकड्यांमागे चालत जुन्यात जुन्या फेरफारापर्यंत पोचावं. माणूस थापा मारतो, फेरफारांची साखळी तुटली की ती लगेच दिसते.

एवढं सगळं असून या गृहस्थाबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. लोक त्याला मालकी देणारा समजतात. तो साक्षीदार आहे. जमीन महसूल संहितेप्रमाणे त्याची नोंद चुकीची ठरेपर्यंत खरी मानतात, पण महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मालकी येते ती नोंदवलेल्या खरेदीखताने, बक्षीसपत्राने, वाटपाने, वारशाने. साठेखतानेसुद्धा नाही, साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार फक्त.

मला या माणसाचा लळा आहे, पण त्याचं एक गप्प बसणं मला खुपतं. बाप जातो, वारसनोंदीची वेळ येते आणि घरात कुणीतरी म्हणतं, "बहिणींची नावं कशाला अडकवायची?" मग एक तर नावं सांगितलीच जात नाहीत, किंवा माहेर तुटू नये म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. सातबारा सांगितलं तेवढंच लिहितो. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवलं. बायकोचं नाव नवऱ्याशेजारी लावण्यासाठी लक्ष्मीमुक्तीचा शासन निर्णय 1992 मध्येच निघाला. तरी बांधावर राबणाऱ्या किती बायका त्याच्या रकान्यात शोधूनही सापडत नाहीत. हक्कसोडपत्रावर सही केली नसेल, तर नुसतं नाव सुटलं म्हणून हक्क जात नाही, पण तो सिद्ध करायला कोर्टात वर्षं जातात.

2025 मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, कारण मेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिली होती. तुमच्या घरचा सातबारा एकदा काढून वाचा. डिजिटल सहीची प्रत ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळते. त्यात आईचं नाव आहे का, बहिणीचं आहे का, ते पाहा. वारसाची वर्दी तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते. ती राहून गेली असेल, तर या आठवड्यात द्या.