दोन्हीकडे ‘सी’, तरी ढिम्म!

‘आता एकच केबल, बाकी सगळा कचरा!’ असं म्हणत दिवाळीत बाबांच्या ड्रॉवरमधल्या जुन्या केबल्स मीच फेकल्या. नाशिकहून निघताना दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल आणि नवा चार्जर ठेवून आले. आठवड्याने फोन. ‘अगं, बीपीचं मशीन चार्जच होत नाही.’ मी ऑफिसात, वैतागलेली. ‘बाबा, पिन नीट खोचा ना!’ ते गप्प झाले. पुढे दहा दिवस बीपी मोजलंच नाही.

घरी जाऊन स्वतः लावून पाहिलं. ढिम्म! मग शोधाशोध. सी-टू-सीमध्ये चार्जर आधी समोर कोण आहे ते तपासतो. मशीनमध्ये ५.१ किलोओमचे दोन छोटे रेझिस्टर असतील, तरच करंट सोडतो. स्वस्त मशीनमध्ये कधीकधी तेच गाळलेले असतात. जुना यूएसबी-ए चार्जर मात्र काही न विचारता ५ व्होल्ट देतो.

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडून ए-टू-सी केबल आणली, बाबांच्या जुन्या चार्जरला लावली. दिवा लागला.

‘सॉरी बाबा.’

‘पिन नीटच खोचली होती गं मी,’ ते एवढंच म्हणाले.

तेव्हा मंडळी, एक ए-टू-सी केबल घरात असू द्याच. आणि फोनवर आधी ऐकून घ्या.