सी किती, डी किती?

गोंदियात नवा कॉम्प्युटर जोडायला घेतला की गिऱ्हाईक एक गोष्ट आवर्जून सांगतो, ‘पार्टिशन चार पाडा.’ का चार, तर जुन्यात चार होते म्हणून.

जुन्या काळी त्याला कारण होते. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीसोबत १० एमबीची हार्ड डिस्क आली. पार्टिशनची सोय डॉस २.० मध्ये झाली ती एकाच डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणून. पुढे विंडोज ९५ च्या सुरुवातीला फॅट-१६ पद्धतीत एक भाग २ जीबीपेक्षा मोठा करताच येत नसे. त्या २ जीबीच्या भागात दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा ३२ केबी जागा अडवायची. डिस्क तोडण्यावाचून इलाज नव्हता. आज एनटीएफएसमध्ये हाच हिशेब सहसा ४ केबीचा असतो. कारण गेले, सवय तेवढी उरली.

सवयीची किंमत मात्र मोजावी लागते. धानाच्या शेतात नको तिथे धुरा घातला तर एक बांधी तुडुंब आणि शेजारची कोरडी राहते. डिस्कचेही तेच. सीची पट्टी लाल झालेली आणि एफ जवळजवळ रिकामा, असे कॉम्प्युटर माझ्याकडे नेहमी येतात. मग ‘डीमधली जागा सीला द्या’ म्हणतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वाढतो तो फक्त लगत उजवीकडे मोकळी जागा असेल तर. डी आकसला तर जागा सुटते त्याच्या शेवटाला. ती सीच्या उपयोगाची नाही. म्हणजे आधी डीमधला माल दुसरीकडे हलवायचा, डी पुसायचा आणि पुन्हा मांडायचा.

म्हणून आकड्यांआधी मी एकच विचारतो, यातले काय पुन्हा मिळेल आणि काय नाही? विंडोज, टॅली, प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा टाकता येतात. राईस मिलचे भरडाईचे हिशेब, टॅलीचा डेटा, लग्नाचे फोटो पुन्हा मिळत नाहीत. रेघ इथेच ओढायची. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, जागा कोणी खाल्लेली नसते. त्यातले अडीचशे सीला द्या, उरलेले सगळे डीला. २५६ जीबीचीच एसएसडी असेल तर तोडूच नका.

पार्टिशन पाडून काम संपत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर मुळात सीमध्येच असतात. आपण सगळे डेस्कटॉपवर टाकत राहतो आणि विंडोज मारताना सी फॉरमॅट झाला की तेच आधी जाते. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन बदलून ते डीवर न्या. टॅलीच्या डेटाचा पाथही तसाच बदला.

डिस्क नवी असेल तर सुरुवातीला एमबीआर की जीपीटी, असा प्रश्न येतो. जीपीटी निवडा. एमबीआरच्या तक्त्यात मुख्य भागांसाठी चारच खाने असतात आणि साधारण २ टीबीच्या पुढची जागा त्याला दिसत नाही. जीपीटीत विंडोज १२८ भाग पाडू देते. विंडोज ११ ला तर यूईएफआय आणि जीपीटीच लागते. विंडोज टाकताना आपोआप पडणारे छोटे भाग फालतू समजून उडवू नका, त्यातल्या एकावरून कॉम्प्युटर सुरू होतो.

‘डीमध्ये ठेवलंय, म्हणजे सुरक्षित आहे,’ हा समज मात्र काढून टाका. सी आणि डी एकाच डिस्कवर असतात. विजेच्या झटक्याने सर्किट जळले किंवा हेड घासला तर दोन्ही एकदमच जातात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरसही ड्राइव्हचे अक्षर पाहून थांबत नाही. पार्टिशन वाचवते ते फक्त फॉरमॅटपासून. बाकीच्यासाठी वेगळी बाहेरची डिस्क घ्या, दर आठवड्याला कॉपी करा आणि काम झाले की वायर काढून ठेवा. जोडूनच ठेवलेल्या डिस्कला बॅकअप म्हणत नाहीत.